डोंगरातलं गाव मनातून का उतरत नाही?

डोंगरातल्या छोट्या गावात लहानाची मोठी झालेली माणसं गप्पांना बसली की थोड्या वेळाने एक गंमत दिसते. कधी एकदा इथून बाहेर पडतो, असं ज्या गावाबद्दल त्यांना शाळेत असताना वाटायचं, त्याच गावाबद्दल ती हळवी होऊन बोलत असतात. दरड कोसळून रस्ता बंद पडायचा, डॉक्टर गाठायचा तर अर्धा दिवस मोडायचा, थंडीत बोटं वळायची नाहीत, हे सगळं त्यांना लख्ख आठवतं. तरी गाडी शेवटी 'पण तिथलं काही वेगळंच होतं' यावर येऊन थांबते. सपाटीवर वाढलेल्या माणसाला हे कोडंच वाटतं. इतकं चांगलं होतं तर सोडलं कशाला? आणि सोडलंच, तर आता तीस वर्षांनी हा उमाळा कसला?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. सव्वातीनशेहून जास्त वर्षं डॉक्टर, तत्त्वज्ञ आणि अलीकडे मेंदूचे अभ्यासक या उमाळ्याच्या मागे लागले आहेत. आणि त्याची सुरुवातच मुळी डोंगरातल्या माणसांपासून झाली.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलीला घरची आठवण येऊन रडू फुटतं, तेव्हा घर जागच्या जागी असतं. सुट्टी लागली, ती घरी गेली, की प्रश्न मिटतो. पन्नाशीतल्या माणसाला लहानपणीच्या गावाची जी ओढ लागते, ती तिकीट काढून भागत नाही, कारण ती जागेइतकीच त्या काळाचीही असते. या दुसऱ्या भावनेला स्मरणरंजन, इंग्रजीत नॉस्टॅल्जिया, म्हणतात. तिच्यात सुख असतं, हुरहुर असते, आणि हुरहुर लागली तरी ती जाऊ नये असंही वाटत असतं. यापुढे मी तिला बहुतेक ठिकाणी नुसतं 'ओढ' म्हणेन.

## आधी हा चक्क आजार होता

१६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने वैद्यकीचा एक प्रबंध लिहिला. परमुलखात गेलेल्या लोकांना जडणाऱ्या एका दुखण्याबद्दल तो होता. नॉस्टॅल्जिया हे नाव होफरनेच दिलं. झोप उडणं, अन्नावरची वासना जाणं, छातीत धडधड, बारीक ताप, अशी लक्षणं त्याने नोंदवली. बर्नहून बासेलला शिकायला आलेला एक तरुण खंगत खंगत मरणाच्या दारात पोचला होता. शेवटचा उपाय म्हणून त्याला घरी न्यायला निघाले, आणि घर यायच्या आधी वाटेतच तो सुधारला. दुसरी एक खेड्यातली मुलगी पडून जखमी झाल्यामुळे इस्पितळात होती. ती औषध घेईना, अन्न घेईना, 'मला घरी जायचंय' एवढंच म्हणत राहिली. आईवडिलांनी घरी नेल्यावर ती औषधाशिवाय बरी झाली.

स्विस तरुण तेव्हा मोठ्या संख्येने दुसऱ्या राजांच्या सैन्यात पगारी शिपाई म्हणून जात, आणि हे दुखणं खास त्यांचंच मानलं जाई. मग प्रश्न आला, डोंगरातल्या राकट गड्यांनाच हे का व्हावं? झुरिकचा निसर्गअभ्यासक योहान याकोब शॉइख्झर याने १७०५ साली उत्तर दिलं. उंचावरच्या विरळ हवेची सवय झालेलं शरीर खाली आलं की सपाटीवरच्या जड हवेने दबतं, रक्त नीट फिरत नाही. उपाय काय, तर रोग्याला टेकडीवर किंवा निदान एखाद्या बुरुजावर नेऊन ठेवा. आपले लोक मनाने कच्चे आहेत हे त्याला कबूल करायचं नव्हतं, म्हणून त्याने सगळं हवेच्या माथी मारलं. काही डॉक्टरांनी तर गाईंच्या गळ्यातल्या घंटांच्या सततच्या आवाजाने कानाचा पडदा आणि मेंदू बिघडतो, असंही म्हटलं. तत्त्वज्ञ रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहिलं, की आल्प्समधल्या गुराख्यांची एक धून स्विस तुकड्यांत वाजवायला बंदी होती. ती ऐकली की शिपाई रडत, पळून जात, नाहीतर झुरून मरत.

कालांतराने सपाटीवरचे शिपाईही याच दुखण्याने आजारी पडताना दिसले. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातल्या डॉक्टरांनी याची पाच हजारांहून जास्त प्रकरणं नोंदवली, आणि ७४ मृत्यू त्याच्या खात्यावर टाकले. त्यातले किती जण खरं तर टायफॉइडने किंवा हगवणीने गेले असतील, कोण जाणे. विसाव्या शतकात हळूहळू ही ओढ रोगांच्या यादीतून बाहेर पडली.

शॉइख्झरला हसणं सोपं आहे. दाबाचं त्याचं निरीक्षण मात्र चूक नव्हतं: समुद्रसपाटीपेक्षा १,००० मीटर उंचीवर हवेचा दाब साधारण ११ टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे कुणाला गाव आठवत नाही, एवढंच. पण डोंगरातच असं काय आहे, हा त्याचा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि आज त्याला बरं उत्तर देता येतं.

## लहानपण तर सगळ्यांचंच गोड असतं; डोंगराचं काय विशेष?

हा आक्षेप पहिला आणि योग्य. गल्लीत वाढलेल्यालाही गल्ली आठवते. पण डोंगराच्या बाजूने दोन-तीन गोष्टी जास्तीच्या आहेत.

पहिली म्हणजे चढउतार. मेंदूच्या आतल्या भागात हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळलेला भाग आहे. काय घडलं याची नोंद करायला तो मदत करतो, आणि आपण कुठे आहोत याचा नकाशाही तोच ठेवतो. जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर ठराविक जागी पोचला की पेटतात. पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी २००५ साली या नकाशाच्या चौकटीचं काम करणाऱ्या पेशी शोधल्या, आणि तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. आपल्यापुरता मुद्दा इतकाच, की मेंदूत घटना आणि जागा एकमेकींच्या शेजारी राहतात. जागा जितकी वेगळी ओळखू येईल, तितकी तिथली घटना दुसरीत मिसळत नाही.

आता डोंगरातल्या वाटेवरून चाला. प्रत्येक वळणावर समोरचं बदलतं. एका वळणावर शाळेचं छप्पर वरून दिसतं, पुढच्या वळणावर तीच शाळा डोक्यावर येते. कुठल्या बाजूला जायचं हे पायाच्या पोटऱ्याच सांगतात. संगणकावर काल्पनिक गावं तयार करून जर्मनीत प्रयोग झाले, तेव्हा सपाट गावापेक्षा उतारावरच्या गावात लोकांना वाट शोधणं सोपं गेलं. मेक्सिकोच्या चियापासमधल्या डोंगराळ भागात त्सेल्ताल भाषा बोलणारे लोक तर 'चढाकडे' आणि 'उताराकडे' या दिशा सपाट टेबलावरच्या वस्तूंनाही लावतात. उतार त्यांच्या अंगात कायमचा मुरलेला असतो.

२०२२ साली एका मोबाइल खेळाच्या आधारे ३८ देशांतल्या जवळपास चार लाख लोकांच्या वाट शोधण्याच्या कौशल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शहराबाहेर वाढलेले लोक सरासरीने सरस ठरले. चौकोनी आखणीच्या शहरांत वाढलेले, वेड्यावाकड्या वाटा समोर आल्या की मागे पडले. म्हणजे लहानपणीच्या वाटांचा आकार मोठेपणीच्या डोक्यात टिकून राहतो, इतकं तरी यातून कळतं. डोंगरातल्या आठवणी त्यामुळेच जास्त ठसठशीत असतात, हे मात्र माझं अनुमान. त्या अभ्यासाने तसं म्हटलेलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या डोळ्यांची फसगत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली लोकांना टेकड्यांच्या पायथ्याशी उभं करून चढ किती अंशांचा असेल ते विचारलं. खरा चढ ५ अंशांचा होता, तिथे लोक सरासरी २० सांगत. १० अंशांचा चढ ३० अंशांचा होई. शाळेची चढण आठवणीत कडा का होते, याचं निम्मं उत्तर इथे आहे. ती उभ्या उभ्या बघतानाच कडा दिसत होती, आठवणीने त्यात फार भर घातलेली नाही.

तिसरी गोष्ट वास, आणि मला हीच सगळ्यांत भारी वाटते. डोंगरात वारा घड्याळ पाळतो. सकाळी उतारावर ऊन पडतं, तिथली हवा तापते आणि दरीतली हवा वर सरकायला लागते. सूर्य गेला की उतारावरची हवा थंड होते, जड होते आणि खाली ओघळते. निवांत थंड सकाळी तर दरीत गार हवा साचलेली असते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर. घराघरांतला धूर त्या थराला अडतो. तो वर न जाता छपरांच्या उंचीवर आडवा पसरतो आणि ऊन येईपर्यंत तिथेच राहतो. म्हणजे शाळेला निघालेल्या मुलाच्या नाकाशी धुराचा वास येणार तो सकाळी, आणि वाट खाली उतरत गेली की एका ठराविक पायरीपासून. दुपारी खालच्या ओढ्याकडचा ओलसर वास वर येणार, रात्री वरच्या रानाचा खाली. सपाट वस्तीतही वास असतात, पण इतक्या नेमाने जागा आणि वेळ पाळून ते सहसा येत नाहीत.

हे महत्त्वाचं अशासाठी, की वासाची मेंदूतली वाट आखूड आहे. पाहिलेलं, ऐकलेलं आधी मेंदूतल्या एका मधल्या ठाण्यावरून जातं. नाकातली बातमी तो फेरा टाळून थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे पोचते. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २००६ साली वयस्क लोकांना शब्द, चित्रं आणि वास देऊन काय आठवतं ते विचारलं. शब्द आणि चित्रांनी जाग्या झालेल्या आठवणी जास्त करून अकरा ते वीस या वयातल्या होत्या. वासाने जाग्या झालेल्या बहुतेक दहाच्या आतल्या निघाल्या. त्या आधी फारशा आठवल्याही गेल्या नव्हत्या.

म्हणूनच पहिल्या पावसात शहरातल्या रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस काही कळायच्या आत तिसरीच्या वर्गात जाऊन पोचतो. त्या मृद्गंधात जिओस्मिन नावाचं रसायन असतं, मातीतले जिवाणू ते तयार करतात. एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी आपल्या नाकाला ते कळतं.

## सोडून गेलं म्हणूनच गाव टिकलं

यातली एक बाजू फारशी बोलली जात नाही. डोंगरातल्या लहान गावात बहुधा शाळा असते, पुढचं शिक्षण नसतं. त्यामुळे सोळा-सतराव्या वर्षी मूल गाव सोडतं, आणि तो धागा एकदम तुटतो.

आठवणींचा वयानुसार आलेख काढला तर तीन-साडेतीन वर्षांच्या आधी जवळपास काही नसतं, आणि दहा ते तिशीच्या दरम्यान मोठा उंचवटा दिसतो. घर बदलण्याच्या आसपासच्या आठवणीही जास्त टिकतात, असं आढळलं आहे. गाव सोडणारं मूल या दोन्हींच्या नेमकं मध्ये असतं. आणि त्यानंतर त्या गावावर नवं काही चढत नाही. गावातच राहिलेल्या त्याच्या वर्गमित्राला ती चढण विचारा. त्याच्या डोक्यात तिच्यावर चाळीस वर्षांची ये-जा साठलेली आहे. दवाखान्याच्या खेपा, भांडणं, दुरुस्तीची कामं. त्याला ती चढण आहे तशी दिसते. सोडून गेलेल्याच्या डोक्यात ती सतराव्या वर्षाच्या उन्हाळ्यावर थांबलेली असते. राहिलेल्या माणसाला गेलेल्याचा हळवेपणा जरा नाटकी वाटतो, त्याचं कारण हेच असावं.

## पण आम्हाला तर तिथे हालच सोसावे लागले, मग आठवण गोड कशी?

कारण आठवण फडताळातून काढावी तशी निघत नाही, दर वेळी नव्याने बनवली जाते. जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा पुन्हा विणतात, तसं काहीसं समजा. लोकर बरीचशी तीच असते. पण उसवताना कुठे धागा तुटतो, कुठे नवी लोकर जोडावी लागते, आणि माप आजच्या अंगाचं घेतलेलं असतं. दहा वेळा उसवून विणलेल्या स्वेटरमध्ये मूळची लोकर किती, हे विणणाऱ्यालाही सांगता येत नाही. तो पुरावा म्हणून चालणार नाही, पण ऊब देतो.

त्यात आणखी एक सवय मिसळते. वाईट प्रसंगाला चिकटलेली भावना चांगल्या प्रसंगाच्या भावनेपेक्षा लवकर विरते, असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. लक्षात घ्या, प्रसंग विसरला जात नाही, त्याचा डंख जातो. थंडीत पाय भिजून फुटले होते हे आठवतं, दुखणं आठवत नाही. उलट धुकं निवळून समोरचा डोंगर अचानक दिसला तेव्हाचा आनंद अजून थोडाफार हाताला लागतो. त्यामुळे हिशेब चांगल्याच्या बाजूने झुकतो. सारखे उदास असणाऱ्या लोकांत हा झुकाव कमी दिसतो. म्हणजे ती मनाची लबाडी नसून ठीक चाललेल्या मनाचं एक लक्षण असावं.

काही जखमा मात्र अशा विरत नाहीत. मारहाण, अपमान, जातीवरून किंवा गरिबीवरून गावाने दिलेली वागणूक. ज्याच्या वाट्याला हे आलं त्याला डोंगर आठवून भरून येत नसेल, तर त्यात त्याचं काही चुकत नाही. 'आमचं गाव किती छान' हे सगळ्यांच्या वतीने बोलणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

## ही वर्तमानापासून पळवाट नाही का?

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातले टिम विल्डशट आणि कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस यांनी सहकाऱ्यांबरोबर २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या प्रश्नाची दिशा बदलली. लोकांना ओढ लावणारे प्रसंग लिहायला सांगितले, तेव्हा त्यांत मुख्य भूमिका बहुधा जवळच्या माणसांची निघाली. ओढ लागायचं कारण विचारलं तर मन खट्टू होणं आणि एकटेपणा ही वर आली. आणि लिहून झाल्यावर लोकांना आपण कुणाचे तरी आहोत असं जास्त वाटलं. थोडक्यात, एकटं पडलं की मन जुन्या माणसांना बोलावतं. डोंगर आठवतो खरा, पण त्या चढणीवर हात धरून कोण चालत होतं, याकडे गोष्ट हटकून वळते.

डोंगरवाल्यांना आवडेल असा एक निष्कर्ष २०१२ सालचा आहे. चीनमधल्या शिन्युए झोऊ यांच्या गटाने लोकांना २०, २४ आणि २८ अंशांच्या खोल्यांत बसवलं. सर्वांत थंड खोलीतल्यांना जास्त ओढ लागली. ओढ लागलेल्यांना तीच खोली अधिक उबदार वाटली, आणि बर्फाच्या पाण्यात हातही जास्त वेळ ठेवता आला. उंची दर किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी हवा गार करते. थंडीत काढलेलं लहानपण थंडी वाजली की परत येतं आणि थोडी ऊबही देऊन जातं, हे मला पटतं.

तरी सगळं गोडच आहे असं नाही. प्रयोगशाळेत तुम्हाला आवडती आठवण निवडायला सांगतात. खऱ्या दिवसात आठवण न विचारता येते. डेव्हिड न्यूमन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली लोकांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आपसूक येणारी ओढ उदास क्षणांशी अधिक जोडलेली आढळली. बास फरप्लांकेन यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की सतत काळजी करण्याची सवय असलेल्यांना अशा आठवणींनी आधी बरं वाटतं, पण नंतर चिंता आणि खिन्नता वाढते. आत्ताच्या आणि तेव्हाच्या निश्चिंतीतला फरक त्यांना बोचतो.

माझी साधी कसोटी अशी. आठवण आल्यावर तुम्ही कुणाला फोन करता, की दार लावून घेता? फोन करत असाल तर काळजीचं कारण नाही. महिनोन् महिने दार लागलेलं असेल, झोप-भूक उडाली असेल, तर गाव बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं. होफरने सांगितलेल्या बर्नच्या त्या तरुणासारखी लक्षणं आज कुणी गावाच्या आठवणीवर ढकलून मोकळं होऊ नये.

## मग परत जाऊन राहावं का?

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९८ साली याबद्दल एक खवचट निरीक्षण नोंदवलं. झुरलेले स्विस लोक अखेर गावी पोचतात तेव्हा त्यांची फार निराशा होते, आणि तिथेच ते बरेही होतात. त्यांना वाटतं गाव बदललं. खरं तर त्यांना हवं होतं आपलं तरुणपण, आणि ते तिथे ठेवलेलं नसतं.

गाव लहान वाटतं त्याला आणखी एक रोखठोक कारण आहे. अंतरं आणि उंच्या आपण स्वतःच्या शरीराच्या मापाने जोखतो. सहा वर्षांचं मूल साधारण ११५ सेंटिमीटर उंच असतं. फूटभर उंचीची दगडी पायरी त्याच्या गुडघ्याला येते. ती चढायला हाताने कडेचा दगड धरावा लागतो, अंग पुढे टाकावं लागतं, आणि तो दगड कुठे गुळगुळीत आहे, कुठे खरखरीत, हे तळव्याला माहीत असतं. मोठं होऊन गेलात की तीच पायरी अर्ध्या नडगीला लागते. हात खिशातून काढावा लागत नाही. पायरी आहे तेवढीच आहे, पण तिला हात लावायचं कारणच उरलेलं नाही.

निवृत्तीनंतर डोंगरातल्या गावी घर बांधायचा बेत करणाऱ्यांनी ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी. ओढ ही आज आपल्याला काय कमी पडतंय ते सांगते: सोबत, मोकळा वेळ, पायी चालणं, ओळखीचे चेहरे. दवाखाना किती लांब आहे, पावसात रस्ता किती दिवस तुटतो, वयाच्या सत्तराव्या वर्षी ती चढण दिवसातून दोनदा जमेल का, यातलं काही ती सांगत नाही. प्रॉफिट यांच्याच पुढच्या प्रयोगांत दमलेल्यांना आणि वयस्कांना चढ आणखी उभा दिसला होता. त्याच्या कारणांवर अभ्यासकांत वाद आहेत, पण गुडघ्यांचं मत ठाम असतं. आधी एखाद्या अडचणीच्या मोसमात, सुट्टीचा थाट न करता, काही आठवडे राहून बघावं. आणि कमी पडणाऱ्या गोष्टींपैकी एखादी आहे तिथेच मिळते का, तेही पाहावं.

## गावच ओळखीचं राहिलं नसेल तर?

ही वेदना वेगळी आहे आणि तिला आता नावही आहे. ऑस्ट्रेलियातले पर्यावरण-तत्त्वज्ञ ग्लेन अल्ब्रेख्ट यांनी न्यू साउथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यात पाहिलं, की उघड्या कोळसा खाणींनी भोवतालचा मुलूख पार बदलल्यावर तिथले लोक घर न सोडताही घर गमावल्यासारखे झाले होते. त्यांनी या अवस्थेला सोलास्टॅल्जिया म्हटलं. आपल्यापुरतं सांगायचं तर, घरीच राहून घराला पारखं होणं.

डोंगराला हे फार लवकर भोवतं. सपाटीवर एक इमारत उभी राहिली तर शेजारच्या चार घरांना दिसते. उतारावर कुणी डोंगर कापला तर समोरच्या अख्ख्या धारेवरून तो ओरखडा दिसतो, आणि वर्षानुवर्षं दिसत राहतो. ज्याने लहानपणी तो उतार खुणेसाठी वापरला, त्याच्या नकाशातली खूणच जाते. इथे 'जुनं ते सोनं म्हणणारे रडके' असं म्हणून तक्रार झटकून टाकणं मला पटत नाही. झरा आटला, दरड वाढली, रान विरळ झालं, हे मोजता येतं. जुन्या लोकांचे फोटो आणि आठवणी मोजणाऱ्याच्या कामी येऊ शकतात. फक्त उसवून विणलेल्या स्वेटरची गोष्ट लक्षात ठेवून त्या पडताळून घ्याव्या लागतात. 'पूर्वी सगळं एकदिलाने चालायचं' हे असंच पडताळून घ्यायचं विधान आहे. त्याच्या जोरावर नव्याने राहायला आलेल्यांना उपरं ठरवलं जातं, तेव्हा तर नक्कीच.

## मुलांना काहीच वाटत नाही, त्याचं काय?

वाटणार नाहीच. त्यांच्या मेंदूतल्या नकाशात ती वाट नाही, आणि त्यांना दोन दिवस तिथे नेऊन 'बघ, किती सुंदर' म्हटल्याने ती तयार होणार नाही. त्यांची ओढ त्यांच्या स्वतःच्या जिन्याशी, लिफ्टशी आणि गच्चीशी बांधली जात असते, आणि तिचा अंदाज आपल्याला आज येत नाही.

गोष्टी मात्र पोचतात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घराण्याबद्दल २० प्रश्न विचारले: आईवडील कुठे वाढले, कुठल्या शाळेत गेले, घरात कधी काही वाईट घडलं होतं का, अशा धर्तीचे. ज्या मुलांना यातलं जास्त माहीत होतं त्यांचा आत्मविश्वास बरा होता, आणि आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे असं त्यांना जास्त वाटत होतं. गोष्टी सांगितल्यामुळे मुलं तशी झाली, की मुळात धड चाललेल्या घरांतच जास्त गोष्टी सांगितल्या जातात, हे यावरून ठरत नाही. प्रश्नांत वाईट घटनाही होत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. नुसतं धुकं आणि सूर्योदय ऐकवला तर मुलं दुसऱ्या वाक्याला फोन काढतात. रस्ता तुटला तेव्हा आजारी माणसाला खाली कसं नेलं, कोण आलं, कोण आलं नाही, हे सांगायला लागलं की ती मध्येच प्रश्न विचारतात.